ट्यूब अ‍ॅम्प की मॉडेलर: स्टेजवर गिटारचा आवाज नीट लावताना

समोर दोन-तीनशे माणसं असली की त्यांच्या कानावर तुमचा अ‍ॅम्प थेट पडतच नाही. कॅबिनेटसमोरचा (स्पीकरच्या पेटीसमोरचा) एक मायक जे पकडतो ते मिक्सरमधून पीएच्या, म्हणजे हॉलच्या मोठ्या, स्पीकरवर जातं, आणि लोक तेच ऐकतात. ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) चांगला की डिजिटल मॉडेलर, या वादात ही गोष्ट सगळ्यात आधी निसटते. मॉडेलर अ‍ॅम्प, कॅबिनेट आणि मायक या अख्ख्या साखळीची गणिताने नक्कल करतो. त्यामुळे खोलीत अ‍ॅम्पसमोर उभं राहून केलेली तुलना स्टेजसाठी फारशी कामाची नाही. पीएतून काय बाहेर येतं ते ऐका आणि मग ठरवा. वाजवताना बोटांना काय जाणवतं हा वेगळा आणि तितकाच खरा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी जागा, मग यंत्र

वॅटचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. सेलेस्टियन व्हिंटेज ३० हा बारा इंची स्पीकर १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ५ वॅटला १०७, २० वॅटला ११३ आणि १०० वॅटला १२० डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून २० ऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर आवाज पाचपट वाटत नाही, दुप्पटही वाटत नाही. वजन आणि नळ्यांचा खर्च मात्र नक्की वाढतो.

ट्यूब अ‍ॅम्पची खरी गोडी पॉवर नळ्यांवर (स्पीकर हलवणाऱ्या मोठ्या नळ्यांवर) ताण येऊ लागल्यावर उतरते. १०० वॅटचा मार्शल त्या टप्प्यावर आणायचा तर छोट्या हॉलमधली माणसं उठून जातील, आणि साउंडवाला मिक्सरवरची तुमच्या आवाजाची पट्टी (फेडर) पार खाली ओढून मोकळा होईल. ड्रमसेट असलेल्या बँडसाठी १५ ते २२ वॅट पुरतात. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब १९६३ पासून याच मापाचा आहे: दोन ६व्ही६ नळ्या, २२ वॅट, एक बारा इंची स्पीकर. काहोन (बसून वाजवायचा पेटीसारखा ड्रम) आणि अकूस्टिक गिटारबरोबर कॅफेत वाजवायचं असेल तर ५ वॅटही भरपूर होतात.

पुढच्यापैकी दोन गोष्टी लागू असतील तर सरळ मॉडेलर घ्या: एकाच कार्यक्रमात दहा वेगवेगळे आवाज लागतात (ऑर्केस्ट्रात लागतातच), सगळे इन-इअरवर (कानातल्या मॉनिटरवर) ऐकतात, दोन बँडच्या मध्ये दहा मिनिटंच मिळतात, वीज जनरेटरवर आहे, किंवा सामान उचलायला दुसरं कोणी नाही. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूब अ‍ॅम्प २९ किलोच्या आसपास भरतो. लोकल ट्रेनने किंवा स्कूटरवरून कार्यक्रमाला जाणाऱ्याने हा आकडा आधी बघावा. फेंडरने २०१९ मध्ये डीलक्स रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती टोन मास्टर या नावाने काढली, तिचं वजन मूळ नळ्यांवाल्याच्या जवळपास निम्मं आहे. आणखी एक बाब: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे उघड्या जागेत रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करावे लागतात, राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. पावणेदहाला पीएचा आवाज खाली आला की ट्यूब अ‍ॅम्पलाही खाली यावं लागतं, आणि तो खाली आला की त्याचा आवाजच बदलतो. मॉडेलरच्या पॅचला (साठवून ठेवलेल्या आवाजाला) त्याने फरक पडत नाही.

विजेची तपासणी

मंडपात, मैदानात किंवा लॉनवर वाजवणार असाल तर हा भाग आवाजाच्याही आधी येतो. गिटारच्या तारा जॅकच्या केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि गाण्याचा मायक मिक्सरच्या अर्थला. ही दोन अर्थिंग वेगवेगळी असतील आणि त्यातल्या एकीत बिघाड असेल, तर हात तारांवर आणि ओठ मायकवर असलेल्या माणसातून करंट जातो. यात माणसं दगावलेली आहेत.

तीनचारशे रुपयांचा मल्टिमीटर बॅगेत ठेवा आणि तो एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर लावा. ज्या बोर्डात तुमची पिन जाणार आहे त्याच बोर्डात तीन मोजमापं घ्या. फेज ते न्यूट्रल: २०७ ते २५३ च्या मध्ये हवं. फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल ते अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या दोन्हीकडे शंभर-सव्वाशेच्या आसपास आकडा दिसला, तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नाही. वायरमनला बोलवा, दुरुस्त करून घ्या आणि पुन्हा मोजा. टेस्टरचा दिवा पेटला एवढ्यावर विसंबू नका. तो फेज आहे इतकंच सांगतो, अर्थबद्दल काहीच सांगत नाही.

अ‍ॅम्प आणि मिक्सर दोन्ही चालू झाले की मीटरची एक पिन गिटारच्या ब्रिजला आणि दुसरी मायकच्या जाळीला टेकवा. आकडा एक व्होल्टच्या आत हवा. दहा-वीस व्होल्ट दिसले तर कारण सापडेपर्यंत वाजवू नका. आणि हम (स्पीकरमधली सततची घरघर) जावा म्हणून थ्री-पिनची अर्थ पिन काढणं किंवा तिच्यावर टेप गुंडाळणं कधीच करू नका, साउंडवाल्यांनी कितीही आग्रह केला तरी. हम घालवायचे सुरक्षित उपाय आहेत: स्टेजवरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच डिस्ट्रिब्यूशन बोर्डवरून चालवा, आणि डीआय बॉक्सवरचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका वापरा. तो खटका फक्त सिग्नलच्या केबलची अर्थ तोडतो, यंत्राची सुरक्षा तशीच राहते.

फेज-न्यूट्रल एकदा लाइट पूर्ण पेटल्यावरही मोजा. संध्याकाळी २३० दाखवणारा बोर्ड स्टेजवरचे सगळे मोठे दिवे (पार लाइट) लागल्यावर २०० वर येऊ शकतो. नळ्यांच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात; पुरवठा २०० झाला की तिथे साडेपाचच्या आसपास पोहोचतात, नळीच्या प्लेटचा (आतल्या धातूच्या पत्र्याचा) व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतो, आणि अ‍ॅम्प मऊ, दमलेला वाजतो. मॉडेलरचा पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याला कमी दाबाचं काही वाटत नाही. पण क्षणभर वीज गेली तरी तो नव्याने सुरू होतो, आणि तेवढा वेळ तुम्ही गप्प उभे असता. साधा ६०० व्हीएचा यूपीएस हे टाळतो. मात्र स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की त्याची लहर साइन नसते आणि बारीक किणकिण ऐकू येऊ शकते. घरी प्लग काढून एकदा तपासून घ्या. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला तर एखाद्या बोर्डावर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकतं. असं झालं की ट्यूब आणि डिजिटल दोन्ही जातात. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज कटऑफ असलेला बोर्ड लागतो.

ट्यूब अ‍ॅम्प लावताना

पहिला नियम: स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर वाजवताना त्याच्या वाइंडिंगमध्ये फार मोठं व्होल्टेज तयार होतं आणि आतलं इन्सुलेशन जळतं. ही अ‍ॅम्पमधल्या सगळ्यात महाग दुरुस्त्यांपैकी एक आहे. हेड (वेगळ्या पेटीतला अ‍ॅम्प) आणि कॅबिनेट जोडायला स्पीकर केबलच वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण तिचा आतला तार बारीक असतो; तो तापतो, तुटतो आणि मग भार नाहीसा होतो. ओहम जुळवा: १६ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ८ होतात, अ‍ॅम्पचा खटकाही ८ वर ठेवा.

मेन चालू केल्यावर स्टँडबायचा खटका असेल तर मिनिटभर थांबा, मग तो उघडा. कार्यक्रम संपल्यावर पाच-दहा मिनिटं अ‍ॅम्प जागेवरच थंड होऊ द्या. तापलेल्या नळीतले भाग गाडीत बसणाऱ्या हादऱ्याने लवकर तुटतात.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून त्याच्या अगदी पुढे उभं राहू नका. बारा इंची स्पीकरचा तीव्र स्वर झोतासारखा सरळ जातो. तुमच्या गुडघ्यांवर पडणारा तो झोत समोरच्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या कानात घुसतो. तुम्हाला आवाज मऊ वाटतो म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि तो बिचारा कान झाकतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे तो तुमच्या कानाकडे बघेल. छोट्या स्टेजवर तो बाजूला ठेवून आडवा, स्टेजच्या आरपार वाजवा.

आता मायक. शुअर एसएम५७ जवळपास सगळ्या साउंडवाल्यांकडे असतो. मोबाइलचा टॉर्च ग्रिलच्या कापडावर तिरका धरा. आत शंकूच्या मधोमध गोल टोपी दिसेल. टोपीची कड जिथे शंकूला चिकटते, मायकचं तोंड तिथे आणा, कापडापासून दोन-तीन सेंटिमीटरवर. टोपीच्या मध्याकडे एक सेंटिमीटर सरकवलात तर आवाज तेजदार होतो, पुढे टोचायला लागतो. कडेकडे सरकवलात तर गोल आणि गडद होतो. मायक अगदी जवळ नेला की खर्ज फुगतो. अ‍ॅम्पवरची बटणं फिरवण्याआधी हा एक सेंटिमीटर हलवून पाहा. मिक्सरच्या इक्यूने जे अर्धा तास साधत नाही ते इथे दहा सेकंदांत साधतं. जागा पक्की झाली की कापडावर रंगीत टेपचा छोटा तुकडा लावून ठेवा. पुढच्या कार्यक्रमाला शोधावं लागणार नाही. मिक्सरवर लो कट (खालचा खर्ज कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झला ठेवायला सांगा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, त्याखाली बास आणि किक ड्रमचं राज्य आहे. गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) घरी ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा. मोठ्या आवाजात तोच गेन जास्त फाटलेला वाटतो आणि स्वरांच्या कडा हरवतात.

काय बिघडतं ते ओळखायला शिका. वाजवताना टिणटिण किंवा शिट्टी येत असेल तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने छोट्या नळ्यांवर हलकेच टिचकी मारा. जी पीएतून मोठ्याने बोलते ती ईसीसी८३ बदला. १२एएक्स७ हे तिचंच दुसरं नाव. पॉवर नळीची प्लेट लाल झालेली दिसली तर तत्काळ बंद करा. बायस (नळीतून किती करंट जावा याची मांडणी) गेला आहे किंवा नळी. बटणं फिरवताना खरखर आली तर बहुतेकदा धूळ आणि दमट हवा कारण असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर नळ्यांच्या सॉकेटवर गंज चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर वर्षातून एकदा लागतोच.

पॉवर नळ्या बदलल्या की फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पचा बायस नव्याने लावावा लागतो. हिशेब सोपा आहे: नळीच्या कमाल डिसिपेशनचे (ती उष्णता म्हणून सोसू शकेल त्या वॅटचे) ७० टक्के भागिले प्लेट व्होल्टेज. ईएल३४ ची कमाल मर्यादा २५ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर दर नळीला सुमारे ३९ मिलिअँपिअर. त्याच व्होल्टेजवर ३० वॅटच्या ६एल६जीसीला सुमारे ४७. आकडा माहीत असला म्हणजे तंत्रज्ञाने काय लावलं ते विचारता येतं. स्वतः मात्र आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायसच्या (बायस आपोआप राखणाऱ्या) अ‍ॅम्पला हे लावणं लागत नाही. जुळवलेल्या ईएल८४ घातल्या की झालं.

मॉडेलर लावताना

लाइन ६ चा पॉड हा मॉडेलर १९९८ मध्ये आला, तेव्हा मॉडेलिंग म्हणजे ठरावीक अ‍ॅम्पची ढोबळ नक्कल होती. आता हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स, केम्पर, फ्रॅक्टल या मॉडेलरांची नक्कल इतकी पुढे गेली आहे की मिक्सरपाशी उभं राहून ओळखणं अवघड जातं. तरीही स्टेजवर मॉडेलर वाईट वाजल्याची तक्रार रोज ऐकू येते. यंत्र बरं असतं; पॅच चुकीच्या जागी बनवलेला असतो.

रात्री हेडफोन लावून हळू आवाजात पॅच बनवला की कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात, म्हणून आपण बास आणि ट्रेबल वाढवतो आणि मिड खाली ओढतो. कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवला. तोच पॅच स्टेजच्या आवाजात घुमतो, टोचतो आणि बँडमध्ये बुडून जातो. उपाय एकच: पॅच मोठ्या आवाजात बनवा. पूर्ण रेंजचा एक स्पीकर घ्या, पीएच्या जातीचा, आणि तुमच्या बँडच्या रेकॉर्डिंगवर वाजवत वाजवत ९० डेसिबलच्या आसपास पॅच लावा. मोबाइलवरचं मोजणारं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं. अर्ध्या तासाहून जास्त बसू नका. कान थकला की पुन्हा ट्रेबल वाढू लागतं.

कॅबिनेटच्या आयआरनंतर (कॅबिनेट-मायकच्या आवाजाच्या डिजिटल ठशानंतर) लो कट ९० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट ६ ते ७ किलोहर्ट्झ ठेवा. गिटारचा खरा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो, पीएचा स्पीकर २० किलोहर्ट्झपर्यंत जातो. हाय कट नसेल तर वरची सगळी किरकिर बाहेर येते. मिड वाढवा, गेन एक पंचमांशाने कमी करा, रिव्हर्ब निम्मा करा. हॉल आपला रिव्हर्ब फुकट देतो. सगळे पॅच एकाच मापाने ऐकू येतात ना, तेही याच बैठकीत जुळवा. सोलोचा पॅच ३ ते ४ डेसिबल वर ठेवा, त्याहून जास्त नको.

आता बाहेरच्या जोडण्या, कारण बहुतेकजण इथेच चुकतात. मिक्सरकडे जाणाऱ्या एक्सएलआर केबलवर (मायकला लागते ती तीन पिनांची) कॅबिनेटचं सिम्युलेशन चालू हवं. गिटारच्या कॅबिनेटकडे किंवा अ‍ॅम्पच्या रिटर्नकडे (थेट पॉवर भागात जाणाऱ्या जॅककडे) जाणाऱ्या वाटेवर ते बंद हवं. दोन्हीकडे चालू ठेवलं तर स्टेजवरचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो; मिक्सरच्या वाटेवर बंद राहिलं तर लोकांना डास गुणगुणल्यासारखा आवाज ऐकू येतो. अ‍ॅम्पच्या रिटर्नमध्ये जाताना पॉवर अ‍ॅम्पचं मॉडेलही बंद करा, नाहीतर तो दोनदा लागतो. मिक्सरला एकच मोनो लाइन द्या. बहुतेक पीए मोनोच चालतात, आणि डाव्या-उजव्या बाजूचे दोन आयआर एकत्र आले की एकमेकांना खाऊन आवाज पोकळ करतात. साउंडवाल्यांना सांगा की या चॅनलचा ४८ व्होल्टचा फँटम (मायकला केबलमधून मिळणारी वीज) बंद ठेवा आणि लाइन लेव्हल येणार आहे म्हणून गेन अगदी खालून सुरू करा.

उशिराने आवाज येण्याची भीती अनेकांना असते. मॉडेलर, डिजिटल वायरलेस आणि डिजिटल मिक्सर मिळून सहसा १० मिलिसेकंदांच्या आत राहतं. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे साडेतीन मीटर दूर ठेवलेल्या अ‍ॅम्पइतकाच उशीर. अस्वस्थ वाटत असेल तर वायरलेस काढून केबल लावून पाहा, फरक तिथेच सापडतो.

बोटांना काय जाणवतं

ट्यूब अ‍ॅम्प जोरात वाजवला की पॉवर सप्लाय क्षणभर झुकतो आणि परत उभा राहतो. त्यातच नळ्यांच्या आउटपुटचा स्पीकरशी संवाद चालतो: स्पीकरचा विरोध खर्जात आणि वरच्या पट्टीत वाढतो, आणि नळ्यांचा अ‍ॅम्प तिथे जास्त व्होल्टेज देतो. मॉडेलर हे गणितात पकडतो. न पकडली जाणारी गोष्ट म्हणजे पाठीमागून येणारी हवा आणि तिच्यामुळे थरथरणारी तार, ज्यातून स्वर लांबत जातो. जमिनीवरच्या वेज मॉनिटरवर किंवा इन-इअरवर ते मिळत नाही. म्हणून मॉडेलर वापरणाऱ्याने पाठीमागे, कमरेच्या उंचीवर दहा किंवा बारा इंची पूर्ण रेंजचा स्पीकर ठेवावा. आमच्या मते मॉडेलरवर नाराज असलेल्या निम्म्या वादकांची नाराजी एवढ्याने मिटेल.

मधली वाटही आहे आणि ती आम्हाला फार आवडते: १५-२० वॅटचं ट्यूब हेड, त्याच्या स्पीकर आउटला रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार देणारी पेटी), आणि त्यातून आयआर लावून थेट मिक्सरला. नळ्या पूर्ण ताणावर, स्टेजवर आवाज जवळपास शून्य, मायक नाही. लोड बॉक्सचे ओहम आणि वॅट हेडला पेलणारे हवेत आणि त्याला वारा लागेल अशी जागा हवी. तो चांगलाच तापतो.

साउंडचेकला तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात असं धरून चला. आधी सगळ्यात मोठा पॅच वाजवा, मग सगळ्यात स्वच्छ, शेवटी सोलो. आणि बँडबरोबर एक कडवं पूर्ण वाजवा, एकट्याने नाही. कार्यक्रमाच्या आठवड्यात मॉडेलरचं फर्मवेअर अपडेट करू नका, आणि पॅचचा बॅकअप लॅपटॉपवर ठेवून निघा. बॅगेत असू द्या: दोन जादा गिटार केबल, एक स्पीकर केबल, एक एक्सएलआर, डीआय बॉक्स, मल्टिमीटर, टॉर्च, टेप, दोन ईसीसी८३, अ‍ॅम्पवर लिहिलेल्या आकड्याचे आणि त्याच प्रकारचे चार फ्यूज. फ्यूज पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज लावू नका, नळी तपासा. आणि मुख्य यंत्र ट्यूब असो वा डिजिटल, अ‍ॅम्प-सिम्युलेटरचं एक छोटं पेडल ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरसह खिशात ठेवा, त्यात तुमचा एकच साधा, किंचित फाटलेला आवाज आधीच लावून ठेवलेला. अंतऱ्याच्या मध्ये अ‍ॅम्प बंद पडला तर गिटारची केबल त्यात, त्याची केबल डीआयमध्ये, आणि मुखड्यापर्यंत तुम्ही परत वाजत असता.